ज्वारीचे बारसे, कापसाचे बारावे

ज्वारीचे नव्याने बारसे झाले त्याला आता काही वर्षे लोटली. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्पाच्या भाषणात भरड धान्यांना 'श्री अन्न' हे नाव दिले. संयुक्त राष्ट्रसंघाने ते वर्षच भरड धान्यांचे म्हणून जाहीर केले होते. सप्टेंबरात जी-20 साठी दिल्लीला आलेल्या पाहुण्यांच्या ताटात भरड धान्यांचे पदार्थ पडले. नोव्हेंबरात तर कहरच झाला. या धान्यांचे गुणगान करणाऱ्या 'अबन्डन्स इन मिलेट्स' या गाण्याला अमेरिकेतल्या ग्रॅमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. गायिका फाल्गुनी शाह, सोबत गौरव शाह, आणि गाण्यात चक्क पंतप्रधानांच्या भाषणाचे तुकडे. 4 फेब्रुवारी 2024 ला बक्षीस मात्र झाकिर हुसेन, राकेश चौरसिया आणि त्यांच्या अमेरिकन साथीदारांच्या 'पश्तो'ला गेले. तबला-बासरी जिंकली, ज्वारी हरली. ज्वारीला हरण्याची सवय आहे, तिने मनाला लावून घेतले नसावे.

नाव थोर, पण शासनदरबारी पत काय? 2013 चा अन्न सुरक्षा कायदा काढून पाहा. तांदूळ 3 रुपये किलो, गहू 2 रुपये आणि भरड धान्य 1 रुपया. तिघांत हलके कोण ते संसदेनेच ठरवून दिले. 1 जानेवारी 2023 पासून रेशनचे हे धान्य फुकट झाले आणि बरोबर पुढच्या महिन्यात ज्वारी 'श्री' झाली. शेजारच्या दुकानात गहू-तांदूळ फुकट मिळत असताना बाजारात ज्वारीचे पोते मांडून बसणाऱ्याने त्या 'श्री'ची आरती करायची का?

2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3699 रुपये आणि मालदांडीचा 3749. म्हणजे संकरित आणि मालदांडी यांत सरकारला क्विंटलमागे 50 रुपयांचाच फरक दिसतो. ज्याने मंगळवेढ्याकडची भाकर एकदा खाल्ली आहे त्याला हा हिशेब कोणी समजावून सांगावा. आम्हाला कृषी महाविद्यालयात 1964 च्या सीएसएच-1 पासून संकरित वाणांची यादी पाठ करायला लावली. एकरी दाणा किती, एवढाच प्रश्न परीक्षेत यायचा. कडबा किती आणि तो जनावर खाते का, हे कोणी विचारले नाही. शेतकऱ्याने मात्र ज्वारी पेरली ती निम्मी दाण्यासाठी आणि निम्मी कडब्यासाठी. कडब्याला सरकारने अजून हमीभाव जाहीर केलेला नाही. बहुधा म्हणूनच कधीमधी कडब्यात दोन पैसे सुटतात.

आता कापसाकडे येऊ. तिथे बारशाचा नव्हे, बाराव्याचा स्वयंपाक चालला आहे.

7 ऑगस्ट 2025 ला दिल्लीत डॉ. स्वामिनाथन यांच्या जन्मशताब्दीच्या परिषदेत पंतप्रधान म्हणाले, की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड नाही, मग स्वतःला केवढीही किंमत मोजावी लागो. 15 ऑगस्टला लाल किल्ल्यावरून शेतकऱ्यांसाठी आपण भिंतीसारखे उभे आहोत असे सांगितले. चौथ्या दिवशी, 19 ऑगस्टपासून, कापसावरचा 11 टक्के आयात कर शून्य झाला. भिंत होती, फक्त तिला दार होते आणि ते गिरण्यांच्या अंगणात उघडत होते. आधी मुदत 30 सप्टेंबर सांगितली. पऱ्हाटीला बोंडे लागलेली असताना दहा दिवसांतच ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. त्या वर्षी दसरा 2 ऑक्टोबरला होता. वेचणी, दिवाळीची उसनवारी, बँकेचा तगादा आणि परदेशी गाठी, सगळ्यांना एकच मुहूर्त.

यात गुंतागुंत काही नाही. परदेशातून 100 रुपयांची रुई आणली तर गिरणीला ती 111 ला पडत होती. आपल्या रुईला ती वरची मर्यादा होती. कर गेला, मर्यादा 100 वर आली. प्रत्यक्ष एक गाठसुद्धा बंदरात उतरायची गरज नाही, व्यापारी त्याच संध्याकाळी भाव पाडतो. सीसीआयनेही आपल्या गाठींचे दर लगेच उतरवले.

अमेरिकेने आपल्या मालावर 50 टक्के कर लावला आणि कापडवाले अडचणीत आले, हे खरे. पण त्यांची अडचण सोडवायची तर ती सरकारने तिजोरीतून सोडवावी. शेतकऱ्याच्या खिशातून सोडवली की तिला धोरण म्हणतात.

आपली चळवळ कधीच भिंती मागणारी नव्हती. आयात खुली करा, बेलाशक करा, पण मग निर्यातही खुली ठेवा. तसे कधी घडले? जगात भाव चढले तेव्हा एप्रिल 2010 मध्ये कापसाची निर्यात रोखली. 5 मार्च 2012 ला पुन्हा बंदी घातली, ओरड झाल्यावर सैल केली. भाव चढला की बाहेरचे दार बंद, भाव पडला की आतले दार सताड उघडे. याला खुला बाजार म्हणत नाहीत, याला उंदराचा पिंजरा म्हणतात.

त्यात आणखी एक गंमत. अमेरिकेतला कापूस तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याचा. आपल्याकडे 2006 मध्ये बोलगार्ड-2 ला परवानगी मिळाली, त्यानंतर नवे काही नाही. गुलाबी बोंडअळी मधल्या काळात शिकून पदवीधर झाली. 2019 साली अकोला जिल्ह्यात तणनाशक सहन करणारे बियाणे उघडपणे लावले म्हणून शेतकऱ्यांवर गुन्हे नोंदवले गेले. म्हणजे ते बियाणे पेरणे हा गुन्हा आणि त्याच बियाण्याची रुई शून्य करात आणणे हे राष्ट्रहित.

आता सरकार म्हणेल, हमीभाव आहे ना. आहे. 2025-26 साठी मध्यम धाग्याला 7710 आणि लांब धाग्याला 8110. पण त्यासाठी आधी 'कपास किसान' ॲपवर नोंद हवी, मग ओलावा 8 टक्क्यांच्या आत हवा. त्यावर टक्क्याटक्क्याने काट, आणि 12 च्या वर गेला की गाडी माघारी. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात शिवारे पाण्याखाली होती. पावसाने ॲपवर नोंदणी केली नव्हती, एवढाच काय तो त्याचा अपराध.

हे ऐकणार कोण? जुलै 2025 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचे सभागृहात मोबाईलवर पत्ते दिसत असल्याचे चित्रण गाजले. आपण खेळत नव्हतो, तो खेळ बंद करत होतो, असे ते म्हणाले. महिनाअखेर त्यांचे शेती खाते काढून क्रीडा खाते दिले. सरकारला विनोदबुद्धी नाही असे यापुढे कोणी म्हणू नये.

जिल्ह्याच्या बैठकीला येताना कापूस विकल्याच्या पावत्या आणा, खेडा खरेदीत मिळालेली कच्ची चिठ्ठीसुद्धा चालेल. ओलाव्याची काट किती लावली, गाडी माघारी गेली तर कोणत्या तारखेला आणि भाडे किती पडले, हे मागच्या बाजूला लिहून आणा. ज्वारीवाल्यांनी दाण्याचा आणि कडब्याचा हिशेब वेगवेगळा मांडावा. गावागावाचा तक्ता तिथेच बसून करू.