पदकांची यादी आणि रिक्त पदांची यादी

२४ जानेवारी २०२५ रोजी सकाळी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, इमारतीचे छत कोसळले आणि आठ कामगारांचे प्राण गेले. दुसऱ्याच दिवशी, प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येला, केंद्रीय गृहमंत्रालयाने पदकांची वार्षिक यादी प्रसिद्ध केली. पोलीस, अग्निशमन, गृहरक्षक दल व नागरी संरक्षण आणि कारागृह सेवा यांतील ९४२ जणांची नावे तीत होती. ९५ जणांना शौर्यपदके, १०१ जणांना विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपती पदके आणि ७४६ जणांना गुणवत्तापूर्ण सेवेची पदके. शौर्यपदकांपैकी १७ अग्निशमन दलाच्या वाट्याला आली. स्फोट ही एक बातमी आणि पदके ही दुसरी, असे मानून राज्यकर्ते मोकळे झाले. परंतु या दोन बातम्या एकाच व्यवस्थेच्या आहेत, आणि त्या एकत्र वाचल्याखेरीज दोहोंपैकी एकीचाही अर्थ लागत नाही.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, येथे वाद पदक मिळवणाऱ्यांशी नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला तेव्हा ६६ अग्निशामकांनी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ आजही तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, महेंद्र देसाई आणि संजय राणे हे चार अधिकारी गेले. अशा माणसांपुढे मान लववण्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज नाही. प्रश्न आहे तो पदक देणाऱ्याचा. जो हात छातीवर पदक लावतो, त्याच हाताने आग लागू नये म्हणून काय केले, हा तो प्रश्न होय.

या पदकांची वंशावळही पाहण्यासारखी आहे. १९०९ मध्ये सातव्या एडवर्डच्या नावाने ‘किंग्ज पोलीस मेडल’ सुरू झाले. १९४० मध्ये त्यात अग्निशमन सेवेचे नाव जोडले गेले. प्रजासत्ताकाने १ मार्च १९५१ रोजी राजाच्या जागी राष्ट्रपतींना आणले. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब रद्द केले होते. त्या तत्त्वाला जागून १९७७ मध्ये जनता सरकारने पद्म पुरस्कारही बंद केले. १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत, असा निर्वाळा दिला. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. परंतु दरबारी वृत्ती न्यायालयाच्या निकालाने जात नसते. राजा चाकराला शाबासकी देतो, हिशेब देत नाही. लोकशाहीत मात्र हिशेब आधी आणि शाबासकी नंतर, असा क्रम असावयास हवा.

हा हिशेब भंडाऱ्याइतका कोठेही थकलेला नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु दक्षता कक्षाला आग लागली. आत सतरा अर्भके होती. सात वाचवता आली. दहा गेली, काही होरपळून आणि बहुतेक धुराने गुदमरून. गरिबांच्या घरची ही मुले होती, कारण ज्यांच्यापाशी पैसा आहे ते नागपूरची वाट धरतात. मंत्र्यांचे दौरे झाले, प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर झाले आणि राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. चौकशीनंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवा संपवण्यात आल्या, आणि पुढच्याच महिन्यात दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. इमारतीत आगीपासून संरक्षणाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी त्याने मालकावर व भोगवटादारावर टाकली. जिल्हा रुग्णालयाचा मालक कोण? शासन. निधी कोणी मंजूर करावयाचा? शासनाने. आणि गुन्हा कोणावर? रात्रपाळीच्या परिचारिकेवर! तिची चूक झाली असेल तर न्यायालय ती पाहील. परंतु धूर शोधणारे यंत्र, पाण्याचा फवारा आणि सुटकेची वाट यांचे काम एका परिचारिकेच्या डोळ्यांवर सोपवणारा जो कोणी होता, त्याचे नाव आरोपपत्रात कधीच येत नाही.

तपासणीच्या आदेशांचे काय झाले, हे त्याच वर्षाने दाखवून दिले. मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) जिल्हा रुग्णालय. रुग्णालये जळतच राहिली, रुग्ण मरतच राहिले. अहमदनगरला पुन्हा एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका यांना अटक झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात झाशीच्या नवजात कक्षात आग लागली आणि त्या रात्री पुन्हा दहा अर्भके गेली. राज्य निराळे, पक्ष निराळा. कक्ष मात्र तोच आणि मरणही तेच.

येथेच पदकाचा आणि आरोपपत्राचा सख्खा संबंध दिसतो. पदक श्रेय एका व्यक्तीला देते आणि आरोपपत्र दोष एका व्यक्तीला. एकात वीर उभा राहतो, दुसऱ्यात अपराधी. अंदाजपत्रक तयार करणारा दोन्ही ठिकाणी अदृश्य असतो. बचाव झाला तर जवानाचे शौर्य, न झाला तर परिचारिकेचा हलगर्जीपणा. शासनाची सुटका दोन्हीकडून होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सुरक्षा ही मोठी विलक्षण वस्तू आहे. तिचे उत्पादन दिसत नाही. जी आग लागलीच नाही तिचे छायाचित्र निघत नाही आणि ती न लागू देणाऱ्या वीजतंत्र्याला २६ जानेवारीला कोणी व्यासपीठावर बोलावत नाही. म्हणून निवडणुकीच्या बाजारात प्रतिबंधाला भाव नाही, शौर्याला आहे. शौर्यपदकाबरोबर मासिक भत्ता मिळतो, हे मान्य. पण सेवापदकाला तोही जोडलेला नाही, आणि यादीतील बहुसंख्य पदके तीच आहेत. तिजोरीला ती जवळजवळ फुकट पडतात.

खर्च जेथे करावयाचा, तेथे काय स्थिती आहे? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या विषयसूचीत घातली. जबाबदारी खाली ढकलली गेली. उत्पन्नाची साधने वरच राहिली. मुंबई महापालिका आपले दल पोसू शकते. भंडारा, तुमसर वा पवनीच्या नगरपरिषदेने ते कशावर पोसावे? आणि लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातील खेड्यात धानाचे पुंजणे पेटले, तर गाडी दूरच्या गावाहून येईपर्यंत शेतकऱ्याचे वर्ष राख झालेले असते. केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तिचे स्वागतच आहे. परंतु गाडी विकत घेणे सोपे असते. त्या गाडीवर तीनही पाळ्यांत कायम वेतनाची माणसे ठेवणे अवघड असते. गाडीचे उद्घाटन होते, पगाराचे होत नाही.

गृहरक्षकाचे उदाहरण घ्या. हे दल ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात जन्मले. बंदोबस्तात तो पोलिसाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. पैसे मात्र जितके दिवस काम, तितक्याच दिवसांचे. तीस दिवसांचा कर्तव्यभत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका तरी भरावा, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पदकाच्या यादीत ज्याचे नाव आदराने येते, त्याला मजुरीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

जवाहरनगरच्या कामगारांची कथा आणखी बोलकी आहे. जून २०२१ मध्ये आयुध निर्माण्यांच्या निगमीकरणाविरुद्ध कामगार संपाच्या तयारीत होते, तेव्हा शासनाने वटहुकूम काढला आणि पाठोपाठ कायदा करून अत्यावश्यक संरक्षण सेवांतील संपावर वर्षभरासाठी बंदी घालण्याचा अधिकार घेतला. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया’ या कंपनीकडे गेली. संप करावयाचा म्हटला की हा कामगार राष्ट्राच्या सुरक्षेचा आधारस्तंभ ठरतो. छत अंगावर कोसळले की तो केवळ अपघातग्रस्त.

पदकांमुळे दलाचे मनोधैर्य वाढते, असा युक्तिवाद केला जाईल; सामान्य नागरिकासाठीही १९६१ पासून जीवनरक्षा पदके आहेत, हेही सांगितले जाईल. दोन्ही खरे आहे. पण पुरेशी माणसे, धड चालणारे श्वसनयंत्र आणि आपण मेलो तर घर उघडे पडणार नाही याची हमी, यांनीही मनोधैर्य वाढते. किंबहुना अधिक वाढते.

तेव्हा मागणी पदके बंद करण्याची नाही. मागणी एवढीच की, दर २५ जानेवारीला आणि १४ ऑगस्टला पदकांच्या यादीबरोबर दुसरी यादीही प्रसिद्ध व्हावी. कोणत्या अग्निशमन केंद्रात किती पदे रिक्त, कोणत्या शासकीय रुग्णालयाची तपासणी झालेली नाही, कोणत्या तपासणीतील त्रुटी निधीअभावी पडून आहेत, आणि तो निधी कोणाच्या सहीसाठी अडला आहे. शासन ही यादी आपण होऊन देणार नाही. कार्यकर्त्यांनी ती माहितीच्या अधिकारात मागावी, नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकी सभेत व जिल्हा नियोजन समितीपुढे वाचावी, आणि ज्या दिवशी ध्वजारोहणानंतर पदके वाटली जातात त्या दिवशी त्याच मैदानाबाहेर चौकात लावावी. कंत्राटी परिचारिका, रोजंदारीचा अग्निशामक आणि गृहरक्षक यांच्या संघटनांना या कामात बरोबर घ्यावे. कोठे काय मोडले आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

भंडाऱ्याच्या त्या दहा मुलांची नावेही ठेवून झाली नसतील. त्यांच्या आयांना पदकांच्या यादीतून काही कळणार नाही. दुसरी यादी मात्र त्यांना नक्की वाचता येईल.