रणजीची अरुंद झालेली शिडी

जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या पार्क मैदानावर रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध उतरलेला मणिपूरचा संघ कनिष्ठ ‘प्लेट’ गटातून वर आलेला होता. हंगामाअखेर तो पुन्हा खाली गेला. परंतु दोन संघांना बढती देणारी शिडी शाबूत होती. २०२५-२६ पासून क्रिकेट नियामक मंडळाने ती एकाच संघापुरती ठेवली. एकतर्फी सामने कमी होतील, हे खरे. पण बलाढ्यांशी गाठ पडल्यावाचून दुबळे सबळ व्हावेत कसे? रग्बीशी सोलापूरकरांचा संबंध तो काय! तरीही त्या खेळाच्या धुरीणांनी ऑस्ट्रेलियातील २०२७ च्या विश्वचषकासाठी २० ऐवजी २४ संघांची योजना आखली, ती आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. मंडळाने बढतीच्या दोन जागा पूर्ववत कराव्यात.