कुटुंबाचीं छायाचित्रें आणि चित्रकाराचा रंग

घरांतील माणसांच्या छायाचित्रांवर रंगाचे पट्टे ओढून त्यांचे चेहरे अर्धेमुर्धे झांकून टाकणें, ही कला म्हणावी कीं विटंबना? जर्मनींतील सुप्रसिद्ध चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनीं गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून आपल्या कुटुंबांतील साध्या छायाचित्रांवर असाच रंग चढविला, आणि तीं चित्रें मोठमोठ्या संग्रहालयांत मांडलीं गेलीं. हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांच्या कपाळास आठी पडेल. आमच्या मतें मात्र ही विटंबना नव्हे. उलट नारायणगांवांतील आपणां सर्वांस या चित्रांपासून कांहीं घेण्याजोगें आहे.

छायाचित्र आणि रंग यांची सांगड आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालींच स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय गृहस्थ तींत होते. त्या काळीं छायाचित्र काळेंपांढरें निघे. म्हणून छायाचित्रकार एखाद्या चित्रकारास हाताशीं धरी, आणि तो पागोट्यास लाल, शालूस हिरवा व दागिन्यांस सोनेरी रंग देई. अशा रंगविलेल्या तसबिरी जुन्या घरांच्या भिंतींवर अनेकांनीं पाहिल्या असतील. तेथें रंगाचें काम शोभा वाढविण्याचें होतें.

रिख्टर यांचा रंग शोभेसाठीं नाहीं. त्यांचा जन्म १९३२ सालीं ड्रेस्डेन शहरीं झाला. ते मोठमोठीं अमूर्त चित्रें काढीत. म्हणजे ज्यांत माणूस, झाड, घर असा ओळखीचा आकार नसून केवळ रंगांची रचना असते अशीं. त्यासाठीं ते एका लांब सपाट पट्टीनें ओला रंग चित्रावरून ओढीत. काम संपल्यावर पट्टीवर जो रंग शिल्लक राही, त्यावरून ते पोस्टकार्डाएवढें एखादें घरगुती छायाचित्र सरकवीत. रंग कोठें बसेल हें सर्वस्वीं त्यांच्या हातीं नसे. एखाद्या चित्रांत चेहरा उघडा राही आणि भोंवतालची जागा थराखालीं गडप होई. दुसऱ्यांत नेमका चेहराच नाहींसा होई. जें साधलें नाहीं, तें ते टाकून देत.

या रंगाचा अर्थ उमगण्यास त्यांचीं दोन जुनीं चित्रें साह्य करतात. १९६५ सालीं त्यांनीं आपल्या मावशीचें चित्र काढलें. मूळ छायाचित्र १९३२ सालचें. त्यांत चौदा वर्षांची मारिआने मावशी आहे आणि तिच्यापुढें तान्हा गेरहार्ड. हें छायाचित्र त्यांनीं हुबेहूब रंगविलें आणि मग ओला रंग कुंचल्यानें हलकेच ओढून सर्व चित्र पुसट केलें. ही मावशी पुढें मनोविकारानें आजारी झाली. हिटलरच्या राजवटीनें तिला सक्तीनें वंध्य केलें, आणि १९४५ च्या फेब्रुवारींत एका रुग्णालयांत उपासमार करून तिचा जीव घेतला. दुसरें चित्र १९६४ सालचें. त्यांत समुद्रकिनारीं आनंदांत बसलेलें एक कुटुंब आहे. तें चित्रकाराच्या पहिल्या पत्नीचें माहेर. त्यांतील गृहस्थ, म्हणजे रिख्टर यांचे सासरे, व्यवसायानें डॉक्टर होते. ड्रेस्डेन येथें स्त्रियांवर तशाच सक्तीच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकीं ते एक होते, ही गोष्ट २००५ सालीं एका पत्रकाराच्या पुस्तकानें उजेडांत आणली. चित्रें काढतांना चित्रकारास हा संबंध ठाऊक नव्हता.

दोन्ही छायाचित्रें खरीं होतीं. दोहोंतही दुःखाचा लवलेश नाहीं. तरी ज्या गोष्टीनें त्या कुटुंबाचें भवितव्य ठरलें, ती दोहोंपैकीं एकांतही नाहीं! छायाचित्र खोटें बोलत नाहीं, पण बहुतेक गोष्टींविषयीं तें मौन धरतें. रंगाचा थर आपणांस तेंच स्पष्टपणें सांगतो, कीं येथें तुला दिसतें त्याहून अधिक कांहीं आहे.

कोणी म्हणेल, ज्या रंगांत आकारच नाहीं, तो काय सांगणार? त्यांनीं आपल्या शेजारच्या खोडदकडे पाहावें. तेथील दुर्बिणीच्या प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रात्रंदिवस आकाशाकडे तोंड करून असतात. पण त्यांस चांदण्या दिसत नाहींत. डोळ्यांस न दिसणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात, आणि गणितानें त्यांचें चित्र बनतें. तें आपल्या ओळखीच्या आकाशासारखें दिसत नाहीं, म्हणून त्यास कोणी निरर्थक म्हणत नाहीं. अमूर्त चित्रकलाही आपल्यास परकी नाहीं. नागपुरास १९२४ सालीं जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले वासुदेव गायतोंडे यांनीं पुढें हीच वाट चालविली.

तथापि पालकांची एक शंका रास्त आहे. आजोबांची एकुलती एक तसबीर मुलानें रंगांत बुडविली, तर ती परत कोठून आणावी? रिख्टर यांनीं वापरलीं तीं दुकानांतून छापून घेतलेलीं साधीं छायाचित्रें होतीं. आपणही मूळ तसबिरीस हात लावूं नये. तिची प्रत काढावी, आणि रंग प्रतीवर चढवावा.

पण तसबिरीचा खरा अनादर रंगानें होत नाहीं. तो विस्मृतीनें होतो. आपलें गांव तमाशाकलेसाठीं महाराष्ट्रभर विख्यात आहे. विठाबाई नारायणगांवकर २००२ सालीं निवर्तल्या. त्यांच्या छायाचित्रांत त्यांचा आवाज नाहीं. पण तो ज्यांनीं कानांनीं ऐकला अशीं माणसें गांवोगांव आहेत. आपल्या पणजीचें तसें नाहीं. तिचा आवाज, तिचें माहेर, तिनें दुष्काळांत काय केलें, हें जाणणारें माणूस घरांत एखादेंच उरलेलें असतें. तें गेलें, कीं भिंतीवर उरते ती केवळ कोणा एका बाईची तसबीर. आज मोबाइलमध्यें हजारों छायाचित्रें सांठतात. पण त्यांतील माणसांचीं नांवेंही पन्नास वर्षांनीं कोणास सांगतां येणार नाहींत, अशीच लक्षणें आहेत.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक उद्योग करा. घरांतील एका जुन्या छायाचित्राची प्रत काढा. त्यांतील ज्या माणसाविषयीं तुम्हांस कांहींच ठाऊक नाहीं, त्याच्यावर रंगाचा पट्टा ओढा. मग ती प्रत घेऊन आजीजवळ किंवा आजोबांजवळ बसा आणि विचारा. जें कळेल तें मूळ छायाचित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, नांव, गांव व सालासह लिहून ठेवा. नंतर दुसरी प्रत काढून पाहा, कीं आतां किती पट्टे कमी ओढावे लागतात. आणि पालकांनीं मुलांच्या या प्रश्नांस, ते अडचणीचे असले तरी, उत्तर द्यावें. कारण तें देणारें माणूस सदैव घरांत असेलच असें नाहीं.