परदेशी खाऊ आणि पाकिटावरील चिठ्ठी

सणावाराला येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवींतून पूर्वीं काय निघे, हें आमच्या वसईकर वाचकांस सांगावयास नको. राजेळी केळ्यांच्या सुकेळ्यांवर चिठ्ठी नसे, आणि तिची गरजहि नसे. कारण करणारा, विकणारा व खाणारा एकमेकांस नांवानिशीं ओळखत. आतां वसई-विरारच्या दुकानांतून दूरदेशींचीं बिस्किटें, चॉकोलेटें व वेफर रचलेले दिसतात. त्यांच्या कर्त्याची व आपली ओळख पाकिटावर छापलेल्या चार ओळींपुरतीच. त्या वाचावयाच्या कीं नाहींत, हाच आजचा प्रश्न आहे.

आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत सात वर्षांची मुलगी आहे. तिला शेंगदाणा सोसत नाहीं. एकादशीला तिची खिचडी दाण्याचें कूट न घालतां, ओलें खोबरें घालून वेगळी काढतात. इतकी त्या घराची दक्षता. गेल्या दिवाळींत तिच्या काकांनीं स्थानकाजवळच्या एका दुकानांतून परदेशी वेफरचा डबा आणला. आजींनीं नेहमींप्रमाणें विचारलें, "अरे, यांत अंडें-बिंडें नाहीं ना?" काका म्हणाले, "नाहीं आई, शुद्ध शाकाहारी आहे असें दुकानदारानें सांगितलें." सर्वांचें समाधान झालें. डब्यावरील अक्षरें मात्र घरांत कोणासहि वाचतां येत नव्हतीं. मुलीनें एक वेफर खाल्ला आणि थोड्याच वेळांत तिचे ओठ व पापण्या सुजल्या, श्वास कोंडूं लागला. रिक्षेंतून दवाखान्यांत नेलें, वेळेवर इंजेक्शन मिळालें, म्हणून ती वांचली. दुकानदार खोटें बोलला नव्हता. वेफरांत अंडें नव्हतेंच. शेंगदाण्याचें सारण होतें.

आपल्या घरांतून एकच प्रश्न विचारण्याची रीत पडली आहे. हिरव्या चौकटींतील हिरवा ठिपका दिसला, कीं आपण निर्धास्त होतों. तपकिरी चौकटींतील तपकिरी त्रिकोण मांसाहाराचा, आणि अंड्याचा पदार्थहि त्यांतच मोडतो, हें आपण जाणतों. परंतु तो ठिपका दाणे, गहूं, दूध वा सोयाबीन यांविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. त्यासाठीं घटकांच्या यादीजवळची वेगळी ओळ शोधावी लागते.

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं २०१७ सालीं आयातीचे व २०२० सालीं लेबलांचे नियम झाले. त्यांप्रमाणें पदार्थाचें नांव, घटक, बाधणाऱ्या वस्तूंची सूचना व तारखा हें सर्व इंग्रजींत किंवा देवनागरी हिंदींत असावें लागतें. आयातदाराचें नांव-पत्ता, त्याचा १४ अंकी परवाना क्रमांक व शाकाहाराचें चिन्ह मूळ वेष्टनावर नसेल, तर न सुटणारी चिठ्ठी कस्टम्सच्या वखारींतच चिकटविण्याची मुभा आहे. घटक किंवा तारीखच नसेल, तर मात्र ही सवलत नाहीं. म्हणून ज्या परदेशी पाकिटावर आयातदाराचें नांवच कोठें नाहीं, तें पुढच्या दारानें आलेलें नाहीं, असें खुशाल समजावें. आपत्ति आली तर जाब विचारावयास तेथें कोणी नसतें.

तारखेचीहि एक गंमत आहे. बंदरांतून सुटतेवेळीं मालाच्या टिकण्याच्या मुदतीपैकीं साठ टक्के किंवा तीन महिने, यांत जें कमी तेवढें शिल्लक असावें, असा नियम आहे. म्हणजे वर्षभर टिकणाऱ्या बिस्किटाचे तीनच महिने उरले असले, तरी तें कायदेशीरपणें सुटतें. पुढें घाऊक व्यापारी, मग किरकोळ दुकानदार. आपल्या फळीवर येईतों उरतें काय? "एकावर एक फुकट" ही उदारता पुष्कळदां येथूनच उगम पावते. शिवाय अमेरिकन मालावर महिना आधीं व दिवस मागून लिहितात. तेथें ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे.

एखाद्या वाचकाच्या घरचा तरुण हा व्यापार करूं पाहत असेल, तर त्यानेंहि हें ध्यानांत घ्यावें. आयात-निर्यात क्रमांक व केंद्रीय परवाना मिळाला म्हणजे काम झालें, असें नाहीं. न्हावा-शेवा बंदरांत लेबलांतील एका उणीवेसाठीं माल अडला, तर भाडें चढत जातें आणि मालाची मुदत मात्र थांबत नाहीं. शेवटीं तो परत धाडावा तरी लागतो, नाहीं तर नष्ट करावा लागतो. माल भरण्यापूर्वींच लेबलाचा नमुना तपासून घेणें हेंच स्वस्त.

परदेशांतील लेकी-सुना प्रेमानें आणतात त्या खाऊवर तर आपल्याकडील चिन्हें नसणारच. तो नाकारावा, असें आम्ही म्हणत नाहीं. वाचून वाटावा, एवढेंच म्हणतों. हें काम घरांतील शाळकरी मुलांवर सोंपवावें. त्यांनीं मोठ्यानें वाचावें, आजींनीं ऐकावें, आणि मगच डबा फिरवावा. ज्या घराची गोष्ट वर सांगितली, तेथें आतां हीच रीत आहे; आणि वाचन त्या सात वर्षांच्या मुलीकडे आहे.