वेगवान यंत्र की चांगली सूची?

संगणक माहिती शोधायला वेळ लावू लागला की 'नवा, वेगवान संगणक घ्या' हा सल्ला हमखास मिळतो. तुटपुंज्या निधीतून शाळा तो घेतेही. माझ्या मते हा सल्ला पुष्कळदा चुकीचा असतो. का, ते आकड्यांनीच पाहू.

समजा, दहावी 'अ'मधील 40 विद्यार्थ्यांनी वर्षभरात कोणती पुस्तके नेली, हे हवे आहे. नावे वर्गाच्या यादीत आहेत आणि पुस्तके ग्रंथालयाच्या देवघेव वहीत. वहीत साऱ्या शाळेच्या मिळून 5,000 नोंदी, त्याही तारीखवार. दोहोंना जोडणारा दुवा एकच : विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक. अशा दोन तक्त्यांची सांगड घालण्याला 'जॉइन' म्हणतात. (माहिती अशी तक्त्यांत मांडण्याची कल्पना एडगर कॉड यांची, 1970 सालची.) प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संगणकाने सारी वही चाळली, तर 40 गुणिले 5,000, म्हणजे 2 लाख वेळा क्रमांक ताडून पाहावे लागतील.

आता त्या वहीची सूची करा : नोंदणी क्रमांक चढत्या क्रमाने आणि प्रत्येकापुढे नोंदीचे पान. सूचीच्या मधोमध पाहायचे, नको तो अर्धा भाग सोडायचा. असे फार तर 13 वेळा केले की हवी ती जागा सापडते, कारण 2 चा 13 वा घात 8,192 आहे. 40 विद्यार्थ्यांसाठी 520 तुलना. मग फक्त त्यांच्याच नोंदी वाचायच्या. दुप्पट वेगाच्या यंत्राने 2 लाखांचे काम निम्म्या वेळात झाले असते, इतकेच!

डेटाबेसमधील सूची बहुधा 'बी-ट्री' या रचनेची असते. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी तिच्यावरील निबंध 1972 साली प्रसिद्ध केला. तिच्या एकेका पानावर पुढच्या 100 वाटा असतील, तर तीन पाने उलटून 10 लाख नोंदींपैकी कोणतीही गाठता येते. शिक्षकांनी एखाद्या तासाला ग्रंथालयाची जुनी वही वर्गात आणून हा शोध मुलांकडून हाताने करवून घ्यावा. त्याला संगणक लागत नाही.

मग प्रत्येक रकान्याची सूची करावी काय? मुळीच नाही. नवी नोंद आली की ती प्रत्येक सूचीतही घालावी लागते. साऱ्या शाळेच्या साऱ्या नोंदी हव्या असतील, तर दोन्ही तक्ते क्रमाने लावून एकदाच सलग वाचणे बरे. शिवाय सूची ज्या क्रमाने लावली, त्याच क्रमाच्या शोधाला उपयोगी पडते. शब्दकोशात 'चित्र'ने सुरू होणारे शब्द चटकन सापडतात. 'कार'ने संपणारे सारे शब्द त्याच कोशातून काढून दाखवा बरे!