देवाचा पोळ कोठे गेला?

संविधानाचा 48 वा अनुच्छेद आमच्या गोभक्त मंडळींना तोंडपाठ असतो, पण अर्धाच. गायी, वासरे आणि इतर दुभती व जुंपणीची गुरे यांच्या कत्तलीस बंदी घालावी, हा भाग सभासभांतून ऐकू येतो. त्याच वाक्यात, आणि तोही बंदीच्या आधी, या गुरांच्या जातींचे जतन व सुधारणा करण्याचा आदेश आहे. त्याची आठवण कोणी काढीत नाही. गोव्यात गोहत्याबंदीचा कायदा 1978 साली झाला व गाय सुरीपासून वाचविण्याची तजवीज झाली. तिचा वंश मात्र आम्हीच बुडवीत आणला आहे, आणि तोही तिची पूजा करता करता.

गोमंतकाची स्वतःची एक गाय आहे. तिचे नाव श्वेतकपिला. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी, पापण्यांचे केससुद्धा पांढरे, बांधा लहानखुरा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. पण जन्माचा दाखला मिळाल्याने मूल पोसले जात नाही, एवढे समजण्यास वकील असावे लागत नाही. चार महिन्यांचा पाऊस, गोचिडी, ओल आणि सड्यावरचे खरबरीत गवत एवढ्यावर ही गाय शतकानुशतके तगली. तो सडाही आता उरला नाही. डिचोलीत खाणींनी डोंगर कोरले; पेडण्यात मोपाच्या पठारावर, जेथे धनगरांची गुरे चरत, तेथे जानेवारी 2023 पासून विमाने उतरतात.

चारा गेला, त्याहून मोठी हानी रेताने केली. गावात वळू नाही. गाय माजावर आली की डॉक्टरास निरोप जातो आणि तो जर्सीची वा होल्स्टीनची नळी घेऊन येतो. सरकारच्या कामधेनू योजनेतून अनुदान मिळाले तेही संकरित गायींना. दूध वाढले, हे आम्ही नाकारीत नाही. पण या परदेशी रेताच्या पोटात काय आहे तेही पाहावे. अमेरिकेतील आजच्या होल्स्टीन वळूंची पितृपरंपरा मागे नेत गेल्यास ती 1880 साली जन्मलेल्या अवघ्या दोन वळूंपाशी जाऊन थांबते, असे तेथल्याच संशोधकांनी दाखविले. त्यांच्या वंशातील ‘चीफ’ नावाच्या एका नामांकित वळूच्या सोळा हजार मुली झाल्या. त्याच्या अंगी एक दोष दडलेला होता. तो दोष दोन्ही बाजूंनी आला की गर्भ पोटातच मरतो. जगभर असे सुमारे पाच लाख गर्भ गळाले, असा 2016 सालचा हिशेब आहे. दुधाचा आकडा वाढत होता म्हणून दशकानुदशके कोणास संशयही आला नाही. त्याच देशात टर्की नावाच्या पक्ष्याची गत याहून विचित्र झाली. छातीचे मांस वाढवीत नेलेली बाजारी जात आता नैसर्गिक समागमासही असमर्थ आहे. माणसाने रेतन केले नाही तर तिचा वंश एका पिढीत संपेल. जुन्या, स्वतः वाढणाऱ्या जातींचे पैदाशीचे पक्षी 1997 च्या मोजणीत साऱ्या अमेरिकेत जेमतेम तेराशे भरले. पुढे काही हौशी पालकांनी त्या हाती धरल्या म्हणून त्या राहिल्या.

येथे कोणी म्हणेल, आम्ही तर देशी गायीच आणतो. हो, आणता, सौराष्ट्राची गीर आणता. तिचे कान लांब, कपाळ भव्य, छायाचित्र छान येते. गीर थोर गाय आहे. ब्राझीलनेही ती नेऊन वाढविली. पण डिचोलीच्या चिखलाला ती तितकीच परकी, जितकी जर्सी. आणि श्वेतकपिलेस गीरचे रेत दिले तरी श्वेतकपिला उरत नाहीच. ‘देशी’ या शब्दाने देश जोडता येतो, वंश राखता येत नाही.

आमच्या पूर्वजांस हे कळत होते. मृताच्या नावे वृषोत्सर्ग करावा, वळू सोडावा, तोही लक्षणयुक्त व निर्दोष पाहून, असे धर्मशास्त्र सांगते. देवाच्या नावे सोडलेला पोळ गावभर हिंडे, कोणाच्याही परड्यात शिरे, त्यास कोणी काठी मारीत नसे. पुण्याचा भाग पुण्यवंतांनी पाहावा. आम्हास त्यात गावाने मिळून पोसलेला पैदाशीचा वळू दिसतो. आज सभामंडपास संगमरवर येतो, कळसास सोन्याचा मुलामा चढतो, दिवाळीच्या पाडव्याला गोरवांच्या गळ्यात माळा पडतात. आणि त्या गोरवांना बाप मिळतो तो थंड केलेल्या नळीतून.

दिवसाला दोन-तीन लिटर देणारी गाय शेतकऱ्याने का पोसावी, हा प्रश्न रास्त आहे. एकट्याने पोसू नये, असेच आमचे उत्तर आहे. चार गुरांच्या धन्याला वंशरक्षणाचा उपदेश करणे हा शुद्ध कांगावा होय; ज्यांच्या पेटीत पैसा आहे त्यांनी तो भार घ्यावा. पेडणे व डिचोली या दोन महालांतील देवस्थानांनी प्रत्येकी एक श्वेतकपिला वळू पोसावा. तीन वर्षांनी तो दुसऱ्या महालातील गावाला द्यावा व तेथला आपल्याकडे आणावा, म्हणजे आपल्याच मुलींशी त्याचा संबंध येणार नाही. जन्मलेल्या वासरांची नोंद देवळाच्या वहीत ठेवावी. अभिषेकाला त्या गायींचे दूध शेतकऱ्यास परवडेल त्या भावाने घ्यावे.

देवस्थानांचा कारभार आजही 1933 च्या नियमनाप्रमाणे चालतो. त्यानुसार महाजनांच्या सभेपुढे अंदाजपत्रक येते व मामलेदाराकडे जाते. त्यात विजेच्या रोषणाईची बाब असते, ध्वनिक्षेपकाचीही असते. वळूच्या वैरणीची एक बाब घालण्यास त्या नियमनातील कोणते कलम आड येते, ते महाजनांनी येत्या सभेत आम्हास दाखवून द्यावे.