‘आधी’च्या बाईची बाजू

अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं. डांगीची पारख करणारा माणूस बैलाच्या अंगावरून हात फिरवतो, खूर उचलून बघतो, कातडीची तकाकी निरखतो. त्याला कारण आहे. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून सह्याद्रीतला धुवांधार पाऊस तिला बाधत नाही. खूर काळे नि टणक असले तर जनावर खडकाळ उतारावर आणि भातखाचरात टिकतं. तिथे रूप आणि काम यांचा सांधा पक्का असतो. टीव्हीवरच्या मेकओव्हर कार्यक्रमात बाईला अशीच रिंगणात उभी करून न्याहाळतात. फरक असा, की तिच्या नाकाचा, रंगाचा, कमरेच्या घेराचा तिच्या कामाशी, अकलेशी किंवा मायेशी काडीचा संबंध नसतो. तरीही निकाल लागतो तो तिच्या अख्ख्या आयुष्याचा.

या कार्यक्रमांच्या समर्थकांचा पहिला मुद्दा वजनदार आहे आणि तो झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. ते म्हणतात, चांगलं दिसलं की माणसाला उभारी येते. येतेच. महाराष्ट्राने तर हे फार मोठ्या अर्थाने अनुभवलं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदलायला सांगितलं. जात ओळखू येईल अशा खुणा अंगावर वागवू नका, गळाभर आणि हातभर दागिने घालू नका, असं ते म्हणाले. बायकांनी ते लगोलग मनावर घेतलं आणि लुगडी घोट्यापर्यंत नेसली. पेहराव बदलणं हा तिथे स्वाभिमानाचा उच्चार होता.

पण महाडला कोणी त्या बायकांना कुरूप म्हटलं नव्हतं. दोष त्यांच्या देहात नव्हता, त्यांच्यावर खुणा लादणाऱ्या समाजात होता, आणि बदल त्यांनी स्वतःच्या हातांनी केला. मेकओव्हरच्या कार्यक्रमात नेमकं उलटं घडतं. समाजाची नजर बरोबर धरली जाते आणि देह चुकीचा ठरतो. अमेरिकेत ‘फॉक्स’ वाहिनीवर २००४ मध्ये ‘द स्वान’ नावाचा कार्यक्रम आला. त्यात सामान्य स्त्रियांना ‘कुरूप बदकं’ मानून त्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या, महिनोन्महिने त्यांना आरसा बघू दिला नाही आणि शेवटी निवडक जणींना सौंदर्यस्पर्धेत उभं केलं. एवढं सोसून आलेल्या बायकांमध्येही पुन्हा कोणीतरी हरणारच, अशी ती रचना होती. उभारी द्यायची असती, तर शेवटी स्पर्धा कशाला हवी होती?

आपल्याकडे हा साचा मालिकांमधून घरात शिरला. २००३ मध्ये सोनीवर सुरू झालेली ‘जस्सी जैसी कोई नहीं’ मराठी घरांतही आवडीने पाहिली जाई. जस्सी हुशार, कामसू, विश्वासू. चष्मा, दातांना तारा, ढगळ कपडे असं तिचं ध्यान. मोना सिंह या अभिनेत्रीचा खरा चेहरा वाहिनीने बराच काळ झाकून ठेवला आणि पुढे जस्सीचा कायापालट हीच मोठी घटना केली. कर्तृत्व आधीपासून होतंच. मग प्रेक्षकांना कशाची वाट पाहायला लावली? चष्मा उतरण्याची.

‘स्टार प्रवाह’वर २०१९ मध्ये सुरू झालेली ‘रंग माझा वेगळा’ तर वर्णभेदाच्या विरोधात उभी राहिलेली मालिका. हेतू चांगला होता. पण सावळ्या दीपाची भूमिका रेश्मा शिंदे यांनी केली ती मेकअपने रंग गडद करून. खऱ्या सावळ्या मुलीला सावळ्या मुलीची भूमिकाही मिळू नये, हे बोचतं. शिवाय त्यातून एक गोष्ट उघडी पडते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन्ही बायका रंगपेटीतूनच निघतात. ‘आधी’च्या वेळी अंगावर फिका उजेड, विस्कटलेले केस, हसू नाही, मान खाली. ‘नंतर’च्या वेळी संगीत, झगमगाट, डोळे पुसणारे नातेवाईक. घरी बसून पाहणारी मुलगी मात्र स्वतःला रोज ‘आधी’च्याच उजेडात बघते.

दुसरा मुद्दा असा मांडतात, की ही चार घटकांची करमणूक, कोणी एवढं मनाला लावून घेत नाही. याला फिजी बेटांवरून उत्तर मिळालं आहे. तिथल्या नाद्रोगा प्रांतात १९९५ मध्ये टीव्ही पोचला. भरलेला बांधा हेच तिथे पूर्वापार चांगल्या घरचं लक्षण. अ‍ॅन बेकर या अभ्यासक-डॉक्टरांनी शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही येताच केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. खाण्यापिण्याच्या विकृतीकडे झुकलेल्या मुलींचं प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेलं होतं. वजन उतरावं म्हणून मुद्दाम उलटी काढणारी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, दुसऱ्या पाहणीत अशा ११.३ टक्के निघाल्या. नमुना लहान होता आणि त्या मुली पाहत होत्या त्या मुख्यतः परदेशी मालिका, खास मेकओव्हरचे कार्यक्रम नव्हेत. तरी तीन वर्षांत एवढं होत असेल, तर राजूरच्या आसपासच्या आश्रमशाळांतून सुट्टीत घरी आलेल्या, मोबाइलवर दिवसभर ‘आधी–नंतर’ बघणाऱ्या मुलींची काळजी वाटायला हवी.

जाहिरातींच्या बाबतीत आपण थोडे तरी जागे झालो. गोरेपणाच्या क्रीमने मुलीला नोकरी मिळते आणि बापाची चिंता मिटते, असं दाखवणारी जाहिरात अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये मागे घ्यावी लागली. सावळ्या माणसाला दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा नियम जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केला. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ गेलं. पण हे नियम जाहिरातीपुरते. तीच गोष्ट तासभर ताणून कार्यक्रम म्हणून दाखवली, की त्यांचा हात तिथवर पोचत नाही. तो पोचायला हवा.

मग मुलींना दाखवायचं काय? अकोले तालुक्यातच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजातल्या बाईंनी वाल, भात, भाज्या यांचं गावरान बियाणं जपलं, वाढवलं, इतरांना दिलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्या आल्या, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं आयुष्य पालटलं ते कोणी त्यांना पालटून दिलं म्हणून नव्हे. कोणतं बी कोणत्या मातीत येतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि ते ज्ञान जगाने उशिरा का होईना ओळखलं.

सगळ्याच काही राहीबाई होत नाहीत, असं यावर कोणी म्हणेल. खरं आहे, आणि व्हायचीही गरज नाही. राजूरसारख्या बाजारगावातलं साधं ब्यूटी पार्लर घ्या. लग्नसराईत बायका तिथे येतात, भुवया कोरून घेतात, केस कापून घेतात, पैसे देऊन घरी जातात. पार्लरवाली त्यांचा ‘आधी’चा फोटो भिंतीवर लावत नाही, नवऱ्याला बोलावून रडवत नाही. ती स्वतः हुन्नर शिकून चार पैसे मिळवणारी बाई असते. टीव्हीवाल्यांना बदलाचीच गोष्ट सांगायची असेल, तर तिची सांगावी: ती हे काम कोणाकडे शिकली, दुकानाचं भाडं पहिल्या वर्षी कसं भागवलं आणि आता घरातला कोणता निर्णय तिला विचारल्याशिवाय होत नाही.